शिलाई मशीनवरचे दहा मैल

गाडी दुकानापुढे उभी राहिली की चाचा मीटरकडे बघायचेच नाहीत. आधी खाली बसायचे, उकिडवे. चाकावर हात फिरवायचे, टायरवरचा नंबर वाचायचे आणि मग वाकून थेट गाडीच्या पोटाखाली डोकं घालायचे. गिऱ्हाईक बिचारं गोंधळायचं. "चाचा, मीटर वर हाय ना, तुमी खाली काय बघून राहिले?" खालून आवाज यायचा, "काटा काय करंल? त्याला खालून जे सांगतेत तेच तो सांगतो. आधी खालच्याला इचारू दे."

नांदेडहून हिंगोलीला जाताना तुम्ही वारंगा फाट्यावर चहाला थांबला असालच. सगळेच थांबतात. तिथे टपऱ्यांच्या रांगेत माझं बॅटरीचं दुकान आहे आणि माझ्या भिंतीला भिंत लावून चाचांचं मीटरचं दुकान होतं. ट्रकचे, जीपचे, ट्रॅक्टरचे, मोटरसायकलचे, सगळे मीटर तिथे यायचे. चाचांना मीटरवाले चाचा म्हणत आणि मला ते नुसतं 'बॅटरी' म्हणत. माझ्या आईवडलांनी हौसेनं एक नाव ठेवलेलं आहे, पण वीस वर्षांत ते चाचांच्या तोंडून मी ऐकलं नाही. "ए बॅटरी, चाय सांग." झालं. फाट्यावरची पोरंही मग मला बॅटरीभाऊच म्हणू लागली.

चाचांच्या दुकानात मीटर तपासायचं यंत्र म्हणजे एक शिलाई मशीन. चाचींच्या लग्नात माहेरहून आलेली, पायाने चालवायची. चाचींचे गुडघे दुखू लागले तेव्हा ती घरातून दुकानात आली. चाचांनी तिच्या चाकाला मीटरच्या केबलचा, म्हणजे गाडीच्या चाकांचं फिरणं मीटरपर्यंत नेणाऱ्या तारेचा, तुकडा जोडून घेतला. पायडल मारलं की चाक फिरायचं, चाकाबरोबर केबल आणि केबलबरोबर मीटरचा काटा. ट्रकचा मीटर लावून चाचा टोपी सारखी करत शांतपणे पाय हलवत बसले की येणारा-जाणारा थबकून बघायचा. एकदा एका नवख्या ड्रायव्हरनं विचारलं, "चाचा, पायजमा शिवून द्याल का?" चाचा मान वर न करता म्हणाले, "माप दे. पन कपडा ऐंशीच्या स्पीडनं शिवतो मी, मंग तकरार करायची न्हाई."

मीटर दुरुस्त झाला की चाचांचा त्याच्यावर लगेच विश्वास बसत नसे. गाडीत बसायचं, बाळापूरच्या रस्त्याला जायचं आणि घड्याळ हातात धरून किलोमीटरचे दगड मोजायचे. साठावर काटा असेल तर एका दगडापासून दुसऱ्या दगडापर्यंत बरोबर एक मिनिट लागलं पाहिजे. त्यातला एक दगड त्यांनी वाळीत टाकला होता. रस्ता रुंद करताना कुणीतरी तो उपटून जागा मिळाली तिथे रोवला होता. चाचांनी पायी चालून ते अंतर मोजलं तर ऐंशी पावलं कमी भरली. तो दगड आला की चाचा तोंड फिरवून म्हणायचे, "ह्याला सोड. हा झूट बोलतो."

आणि झुटीचा त्यांना मोठा राग. जुन्या जिपा विकणारे लोक त्यांच्याकडे यायचे. गाडी अडीच लाख किलोमीटर चाललेली असायची, ती ऐंशी हजारावर आणून द्या म्हणायचे. म्हणजे आकड्यांची चाकं हाताने मागे फिरवायची, गिऱ्हाईक फसतं. एकजण तर दर दोन महिन्यांनी यायचा. "चाचा, गाडीचं वय जरा कमी करायचं व्हतं." चाचा म्हणायचे, "आधी माझं करून दाखव. मंग जीपीचं बघू." तो वैतागून जायचा आणि दोन महिन्यांनी पुन्हा यायचा. कुठलाही मीटर हातात घेण्याआधी चाचा त्यावरचा आकडा शटरच्या आतल्या बाजूला खडूनं लिहून ठेवत. काम झाल्यावर मालकाला आधी शटर दाखवायचे, मग मीटर.

आता ती गाडी. तशी गाडी फाट्यावर त्याआधी आली नव्हती आणि नंतरही दुसरी आली नाही. बाटलीसारखी हिरवी, बिनछपराची, दोनच माणसं बसतील अशी जुनी विलायती स्पोर्ट्स कार. टेम्पोवर चढवून हिंगोलीहून आणली होती. चहाच्या टपरीवरची झाडून सगळी माणसं कप हातात घेऊन भोवती गोळा झाली. टेम्पोतून पन्नाशीच्या एक बाई उतरल्या. हिंगोलीच्या कॉलेजात शिकवणाऱ्या मॅडम. गाडी त्यांच्या वडलांची. वडील हिंगोलीत डॉक्टर होते, चार वर्षांपूर्वी गेले. तेव्हापासून गाडी शेडमध्ये झाकून ठेवलेली. मॅडमनी जागेवरच तिचं इंजिन नीट करून घेतलं होतं आणि आता त्यांना ती चालवायची होती.

"स्पीडचा काटा बाबांच्या वेळेपासून खराब आहे," मॅडम म्हणाल्या. "चाळीसपर्यंत जातो, थरथरतो आणि एकदम खाली पडतो. कधी परत उठतो, कधी नाही. दोनदा केबल बदलली बाबांनी, फरक पडला नाही. आणि चाचा, एक विनंती आहे. मीटरवरचा एकूण मैलांचा आकडा आहे ना, तो बदलू देऊ नका. बाबांनी शेवटची गाडी लावली तेव्हाचा आहे तो. मला तिथूनच पुढे न्यायची आहे."

चाचांनी आकडा वाचला आणि शटरवर लिहिला. ४१२८६. मग नेहमीसारखे खाली बसले.

मागचं चाक जॅकवर उचललं, मला गाडी चालू करून गिअरमध्ये टाकायला सांगितलं. एवढ्याशा कारणानं का होईना, मी त्या गाडीत बसलो हे मी अजून सांगत फिरतो. चाचांनी केबलचं वरचं टोक मीटरपासून सोडवून दोन बोटांत धरलं. केबल फिरायची, फिरायची आणि मध्येच अडखळायची. "केबल चांगली हाय," चाचा म्हणाले, "हिला खालून कोन तरी अर्धंच सांगून राहिलं." मग गिअरबॉक्सपाशी केबल जिथे काटकोनात वळते, तिथला मुठीएवढा जोड त्यांनी खोलला. त्याच्या आत एक लहानसं पितळी गिअर होतं. त्याचे दाते झिजून पार गुळगुळीत झाले होते. वेग वाढला की ते घसरायचं, केबल थांबायची आणि काटा पडायचा. दोनदा केबल बदलली, पण हा जोड खोलून बघायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"तीन दिवस द्या," चाचा म्हणाले. एका मोडीत निघालेल्या जीपच्या जोडातलं गिअर काढून ते कानशीने घासत बसले. मीटरमध्ये वर्षानुवर्षं केबलमधून तेल चढून चिकटा झाला होता, म्हणून मीटरही काढून स्वच्छ केला आणि शिलाई मशीनच्या केबलला लावून ठेवला. तेवढ्यात शुक्रवारची नमाज आली. "हात लावू नको," एवढंच मला सांगून चाचा मशिदीत गेले.

आता तुम्हीच सांगा. समोर विलायती मीटर, केबल जोडलेली, पायडल मोकळं, आणि टपरीवरचे चारजण म्हणताहेत, "बॅटरीभाऊ, एकशेवीस लिव्हलंय त्याच्यावर. चाचा नव्वदच्या पुढं न्हाई नेत, तुमी न्या!" मी बसलो मशीनवर. पायडल मारलं. काटा उठला. तीस, चाळीस, पन्नास मैल! कुणी म्हणालं, "कळमनुरी आली!" कुणी म्हणालं, "हॉर्न मारा, म्हैस आडवी येऊन राहिली!" पंक्चरवाला ब्रेक लावल्यासारखा तोंडानं आवाज काढत होता. घामानं माझा सदरा भिजला, पण मी काही थांबेना. दहा-बारा मिनिटं मी जीव तोडून पाय हाणले. आयुष्यात एवढी वाहवा मला दुसऱ्या कशासाठी मिळालेली नाही.

मला एक गोष्ट ठाऊक नव्हती. आकड्यांची चाकं फिरवणारा एक बारीक दाता मीटरमध्ये असतो. चाचा तपासणीच्या आधी तो चिमट्यानं बाजूला करत, म्हणजे काटा फिरला तरी आकडा जागचा हलत नसे. त्या दिवशी तो अजून बाजूला केलेला नव्हता.

चाचा अत्तराचा वास घेऊन परत आले. त्यांनी मीटर बघितला. मग शटरवरचा आकडा बघितला. मग मला बघितलं. मीटरवर ४१२९६ होते.

"किती चालवलं?"

"थोडंसंच, चाचा."

"दहा मैल," चाचा म्हणाले. "टांगा दुखून राहिल्या असतील तुझ्या. बस."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. मी हात जोडले. म्हटलं, "चाचा, दोन मिनिटांचं काम आहे. मागं फिरवून टाका दहा आकडे. मॅडमना कोण सांगणार आहे?"

"माझ्या हाताला ठाऊक राहील ना," चाचा म्हणाले. "तू फोन लाव. बलाव त्यांना उद्या."

मॅडम दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या. मी टपरीच्या आडोशाला उभा होतो, चाचांनी हाक मारून पुढे बोलावलं आणि जे झालं ते मलाच सांगायला लावलं. सांगताना शिलाई मशीनकडे बोट केलं तेव्हा मला स्वतःलाच हसू येईल असं वाटलं, पण मॅडमचा चेहरा बघून मी बोट खाली घेतलं. त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला.

"मी एकच गोष्ट सांगितली होती," त्या म्हणाल्या. "एकच. घरात बाबांचं सगळं वाटलं गेलं, विकलं गेलं. हा आकडा तेवढा कुणी हलवला नव्हता." मग त्यांचा आवाज चढला. "फिरवा तो मागे. तुम्हाला येतं ना? मग फिरवा!"

चाचा म्हणाले, "येतं. पन मी फिरवत न्हाई, मॅडम. फिरवला तर तो आकडा माझ्या बोटांचा व्हईल. डॉक्टरसायबांचा न्हाई राहनार."

"आत्ता तो याच्या पायांचा आहे!" मॅडम माझ्याकडे हात करून ओरडल्या.

टपरीवर कुणीतरी फिसकन हसलं. मला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. आणि मॅडम काही चुकीचं बोलत नव्हत्या. चाचांचा हट्ट मला त्या क्षणी पटला नाही हेही सांगतो. जीपवाल्यांना नाही म्हणणं वेगळं आणि रडवेल्या लेकीला नाही म्हणणं वेगळं. पण चाचा बधले नाहीत. आत जाऊन तो जुना जोड, त्याचं झिजलेलं गिअर पुन्हा आत घालून, घेऊन आले. मॅडमच्या हातात दिला.

"हे टोक फिरवा. धा वेळा. तिकडचं टोक किती वेळा फिरतं ते मोजा."

मॅडम रागातच होत्या, पण शिकवणारं माणूस, मोजायला सांगितलं की मोजतंच. त्यांनी फिरवलं. दहाला आठ भरले. परत फिरवलं, या वेळी नऊ. तिसऱ्यांदा सातच.

"म्हणजे?"

"म्हंजे चाकं धा मैल गेली तर मीटरला आठच कळायचे. डॉक्टरसायेब त्या आकड्यापेक्षा जास्त चालले, मॅडम. मीटरनं धरलं न्हाई, पन ते चालले."

मॅडम गाडीच्या दारावर टेकल्या. तो जोड पुन्हा पुन्हा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "बाबा संध्याकाळी आले की सांगायचे, औंढ्यापर्यंत जाऊन आलो. आई बाहेर जाऊन मीटर बघायची आणि म्हणायची, नाक्यापर्यंत गेले नि औंढ्याच्या गप्पा सांगतात. आम्ही सगळे हसायचो. मीसुद्धा. बाबा शपथा घ्यायचे." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. "ते खरंच औंढ्यापर्यंत जात होते."

"जात असतील. जोड तर तसंच सांगून राहिला," चाचा म्हणाले.

"किती जास्त चालले असतील ते सगळे मिळून?"

"ते मला कसं ठाऊक, बेटी? मी संगं नव्हतो." मॅडमची बेटी कधी झाली ते चाचांच्याही ध्यानात आलं नसावं.

"दहा मैल तरी?"

इथे चाचा अडले. खऱ्या माणसाला साक्ष द्यायला लावली की तो अडतोच. त्यांनी जोड परत घेतला, आतलं गिअर काढून उन्हात धरलं, एकेका दात्यावर नख फिरवलं. अखेर ते म्हणाले, "धा? धा तर वरच्या वर. हे एका सालात झिजत न्हाई. शेकड्यानं असतील."

"मग राहू द्या तो आकडा," मॅडम म्हणाल्या. "हे दहा बाबांचेच."

चाचांनी शटरवरच्या जुन्या आकड्याखाली नवा लिहिला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "बॅटरी, बच गया तू." मी आत जाऊन तोंडावर पाणी मारलं. खरं सांगायचं तर रडलो.

मीटर बसवला, जोडात घासून केलेलं गिअर घालून तोही बसवला. दगड मोजायला अर्थातच चाचा जाणार होते, पण त्यांना गाडीत दुसरीकडे बसायची सोयच नव्हती, मॅडमच्या शेजारीच बसावं लागलं. बिनछपराच्या गाडीत टोपी एका हातानं दाबून आणि घड्याळ दुसऱ्या हातात धरून चाचा निघाले तेव्हा अख्खा फाटा रस्त्यावर आला. मीटर मैलांचा आणि दगड किलोमीटरचे, त्यामुळे सदतीसवर काटा ठेवा, सदतीसवर, असं ते ओरडत होते. अर्ध्या तासात येतो म्हणाले होते. दुपार झाली तरी पत्ता नाही. तिसऱ्या प्रहरी हिंगोलीच्या काळीपिवळी जीपमधून चाचा उतरले. टोपी खिशात, केस उभे, डोळे लाल.

"काय झालं, चाचा?"

"काटा बराबर हाय."

"तेवढं बघायला हिंगोली गाठली?"

"त्या थांबल्याच न्हाई ना. म्हनल्या, बसा." चहाचा एक घोट घेऊन ते हळूच म्हणाले, "हवा लई लागती रे, बॅटरी." आणि त्या दिवशी पुढे त्यांनी कुठल्याच कामाला हात लावला नाही. नुसते रस्त्याकडे बघत बसले.

मागच्या हिवाळ्यात चाचा गेले. आजारपण वगैरे काही नाही. सकाळी उठलेच नाहीत. आता त्यांच्या जागेत मोबाईलचं दुकान आहे. हल्लीच्या गाड्यांचे मीटर नुसते बदलतात, दुरुस्त करत नाहीत, त्यामुळे चाचांना विचारत कुणी फारसं येत नाही. एखादा ट्रॅक्टरवाला येतो, मी त्याला सांगतो, तो चुकचुकतो आणि जातो. मला मात्र रोज आठवण येते. दिवसातून दोनदा तरी कुणीतरी मला हाक मारेल असं वाटतं.

मॅडमना मीच फोन केला होता. त्या लगेच आल्या, पण चाची तेव्हा कुणाशी बोलायच्या मनःस्थितीत नव्हत्या. शिवाय नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस घराचा उंबरा ओलांडायचा नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. ते दिवस पुरे झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात मॅडम पुन्हा आल्या. या वेळी हिरवी गाडी घेऊन. मी त्यांना चाचांचं घर दाखवायला गेलो. आत दोघी बराच वेळ बोलत होत्या, मी बाहेर गाडी राखत उभा होतो.

निघताना चाची दारापर्यंत आल्या. गाडी बघून थांबल्या.

"हीच का? हिच्यातच बसले होते ते?"

"हो, इथे," मॅडमनी डाव्या बाजूची सीट दाखवली.

चाची पायरी उतरून आल्या. सीटवर हात ठेवला. "आठ दिवस मला दुसरं काही सांगितलं न्हाई," त्या म्हणाल्या. "जेवायला बसले की हवा, झोपायला गेले की हवा. मी म्हनलं, म्हातारपनी डोकं फिरलं यांचं."

मॅडमनी दार उघडलं. "बसा ना, चाची. एक चक्कर मारून आणते."

मला वाटलं, चाची नाही म्हणतील. त्यांनी मागे वळून घराकडे पाहिलं, मग गल्लीकडे, मग माझ्याकडे. ओढणी हनुवटीखाली घट्ट गाठ मारून बांधली, गुडघ्यावर हात टेकून सावकाश आत बसल्या.

"ते किती दूर गेले होते?"

"हिंगोलीपर्यंत," मॅडम म्हणाल्या.

"मंग मला बी तेवढंच न्या," चाची म्हणाल्या. "त्याच्या आत थांबवू नका."